घोडं परदेशात पेंड कुठे खातं?

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या निघतात. त्यातल्या एका गाडीवाल्या काकांशी माझी जुनी ओळख. मागच्या वर्षी ते आपली घोडी शर्यतीसाठी दुसऱ्या गावच्या पुळणीवर घेऊन गेले होते. टेम्पोने जेमतेम दोन-अडीच तासांची वाट. "उतरली तेव्हा ठणठणीत होती," काका सांगत होते. "पण पाण्याला तोंड लावीना. बादली पुढे धरली की हुंगायची नि मान फिरवायची. चंदीसुद्धा तशीच पडून. दुसऱ्या दिवशी धावली कसली, वरातीतल्यासारखी चालली."

काकूंचं म्हणणं, घोडीला दृष्ट लागली. काकांचं म्हणणं, तिथली विहीर मचूळ होती. वाद अजून मिटलेला नाही. पण त्या दिवशी काकांनी मला मधेच विचारलं, "अरे, तू बघतोस ना मोबाइलवर ती मेलबर्नची शर्यत? तिथे म्हणे आयर्लंडहून घोडे विमानाने येतात. आमची दोन तासांत रुसली, ते अर्ध्या जगाला वळसा घालून पळतात कसे? खातात काय, राहतात कुठे?"

प्रश्न साधा वाटला, उत्तर द्यायला बसलो तर दोन चहा झाले. तेच इथे जरा नीट लिहितो.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कळायला आधी त्याच्या पोटात शिरावं लागतं. पाचशे किलोच्या जनावराचं जठर किती असावं? आठ ते पंधरा लिटर, बस. घरातल्या एका बादलीएवढं. गाय-बैल भराभर गिळून घेतात आणि मग सावलीत बसून रवंथ करतात. घोड्याला ती सोय नाही. त्याला उलटीही करता येत नाही, कारण जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट की वाट एकाच दिशेने उघडते. जे आत गेलं ते पुढेच जाणार. म्हणून निसर्गाने घोडा बनवला तोच दिवसभर थोडं थोडं चरणारा. मोकळ्या माळावर सोडला तर चोवीस तासांतले पंधरा-सोळा तास त्याचं तोंड चालू असतं.

गवताचं खरं पचन होतं ते मागे, मोठ्या आतड्यात. तिथे सुरुवातीला साधारण तीस लिटरची एक पिशवी आणि तिच्यापुढे त्याहून कितीतरी मोठं, घड्या घातलेलं आतडं. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. आंबोळीचं पीठ ज्या घरात वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने भिजतं तिथे ते वेळेवर फुगतं. तांदूळ बदलला, डाळीचं प्रमाण बदललं, की एक-दोन दिवस बिघडतंच. घोड्याच्या पोटातलं हे आंबवण तसंच सवयीचं. फरक इतकाच की आंबोळी बिघडली तर आपण घावन करतो. घोड्याचं बिघडलं तर पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने घोडा दगावूही शकतो.

दाण्याचा धोका तर आणखी वेगळा. शर्यतीच्या घोड्याला नुसत्या गवतावर पळवता येत नाही. ओट, सातू, मका असा पाच-सहा किलो दाणा त्याला रोज लागतो, शिवाय गवत वेगळं. हा दाणा लहान आतड्यात पचायला हवा. एका वेळी जास्त घातला, किंवा अचानक नवा घातला, तर न पचलेला पिठूळ भाग मागच्या पिशवीत जाऊन पडतो. तिथे आम्ल वाढतं, गवत पचवणारे जीव मरतात, त्यांच्यातून विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. त्याचा फटका बसतो थेट खुरांना: आतला मांसल थर सुजतो आणि घोड्याला पाय टेकवेना होतो. म्हणून जगभरचे घोडेवाले एक नियम पाळतात. खाणं बदलायचं तर सात ते दहा दिवस घ्यायचे, जुन्यात नवं चिमटी-चिमटीने मिसळत जायचं.

आता हा नियम आणि विमानाचं तिकीट एकत्र ठेवून बघा. माणूस रात्री डब्लिनला चढतो, तिसऱ्या दिवशी मेलबर्नला उतरतो आणि लगेच तिथलं जेवतो. घोड्याच्या पोटातल्या जिवांना तेवढ्याच बदलासाठी दहा दिवस हवेत. घोड्याचा परदेश दौरा म्हणजे बरीचशी या जिवांची मनधरणी असते. शरीर कुठेही जावो, पोटाला गाव सोडल्याचं कळता कामा नये.

यासाठी दोन वाटा. एक, घरचीच चंदी बरोबर न्यायची. दुसरी, तिकडे जी वैरण मिळणार आहे ती निघायच्या काही आठवडे आधीच घरी मागवून सुरू करायची. मोठ्या तबेल्यांत दोन्ही होतं. हिशोब सोपा आहे: रोज सहा किलो गवत धरलं तर महिन्याचं १८० किलो, एका घोड्याचं. दाणा वेगळा. गवत म्हणजे आपल्या भाताचा पेंढा नव्हे. टिमोथी नावाचं लांब पात्याचं गवत किंवा लसूणघास, नीट वाळवलेलं, बुरशीचा वास नसलेलं. आपल्याकडे पावसाळ्यात उडवीतला खालचा पेंढा काळा पडतो, गुरं तो बाजूला सारतात. घोडा बाजूला सारत नाही असं नाही, पण तो हुंगतानाच बुरशीची धूळ फुप्फुसात घेतो. पळणाऱ्या जनावराची फुप्फुसं म्हणजे त्याचं भांडवल. म्हणून चांगले सईस गवत पाण्यात भिजवून मगच जाळीत भरतात.

पण घरची वैरण न्यायची म्हटलं की कस्टमवाले आडवे येतात. गवतातून किडे, तणाचं बी, रोगजंतू येतात, आणि ऑस्ट्रेलियासारखा देश याबाबतीत कमालीचा कडक. विमानातून उतरलेलं उरलंसुरलं गवत, लीद, खाली अंथरलेला भुसा, सगळं गोळा करून नष्ट केलं जातं. ही कडक शिस्त किती जुनी? १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण घोड्यांच्या स्पर्धा मात्र पाच महिने आधी, जूनमध्ये, स्वीडनच्या स्टॉकहोमला झाल्या. ऑस्ट्रेलियाने परदेशी घोड्यांसाठी आपला विलगीकरणाचा नियम सैल केला नाही. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकच्या घोडेस्वारीचंही तसंच. घोड्यांचे रोग आणि विलगीकरण यांचा विचार करून ती हाँगकाँगला नेली.

आज मेलबर्न कपसाठी जाणाऱ्या घोड्याला निघण्यापूर्वी १४ दिवस आणि पोहोचल्यावर १४ दिवस विलगीकरणात काढावे लागतात. पोहोचल्यावरचा मुक्काम मेलबर्नजवळच्या वेरिबी इथे. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी ३२०० मीटर पळायचं, त्याआधी जवळजवळ महिनाभर बाहेरच्या घोड्याचं तोंड बघायचं नाही. हा तुरुंग वाटेल, पण हुशार तबेलेवाले याच दिवसांत चंदी बदलण्याचं काम उरकून घेतात. निघण्यापूर्वीच्या १४ दिवसांत नवं गवत सुरू, पोहोचल्यावरच्या १४ दिवसांत पोट स्थिर. १९९३ मध्ये आयर्लंडच्या व्हिंटेज क्रॉपने मेलबर्न कप जिंकला. उत्तर गोलार्धात तयार झालेल्या घोड्याने तो जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याआधी बहुतेकांना हा प्रवास करून पळणं हा वेडेपणाच वाटायचा.

काकांचा पुढचा प्रश्न विमानाचा होता. "खिडकी असते का रे?"

नसते. मालवाहू विमानात घोड्यांसाठी खोकी असतात, एकेकात एक ते तीन घोडे, मधे फळ्या. बाहेर जमिनीवरच घोडा खोक्यात चढवतात आणि मग खोकंच उचलून विमानात ठेवतात. विमान हळू चढवतात, हळू उतरवतात. सईस बरोबर असतात. आतली हवा मुद्दाम थंड ठेवतात, कारण घोडा उकाड्याला जितका वैतागतो तितका गारठ्याला नाही. दाणा बंद किंवा अगदी नावापुरता, आणि गवताची जाळी मात्र सतत समोर. कारण परत पोटच. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, खाल्लं नाही तरी. त्याला उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याची लाळ फक्त चावताना सुटते. एक किलो गवत चावायला त्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात, एक किलो ओट दहा मिनिटांत फस्त. म्हणजे गवताने लाळ चौपट सुटते. रिकाम्या जठराचा घोडा बारा तास उभा राहिला तर आतल्या अस्तराला व्रण पडू लागतात. शर्यतीच्या घोड्यांत असे व्रण फारच सर्रास आढळतात, प्रवास न करताही.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटते. घोडा चरताना मान खाली घालतो ती फक्त खाण्यासाठी नाही. त्या वेळी श्वासनलिकेतला शेंबूड, धूळ, जंतू उताराने बाहेर येतात. ट्रकमध्ये किंवा विमानात त्याचं डोकं वर बांधलं की हा निचरा बंद. दहा-बारा तास असं गेलं की जंतू फुप्फुसात उतरतात आणि ताप येतो, पुढे फुप्फुसाच्या आवरणात पाणी भरतं. घोडेवाले याला प्रवासाचा ताप म्हणून ओळखतात. शेकडो घोडे याने वाया गेलेत. उपाय काय? दोरी सैल, गवत खाली, रस्त्याचा प्रवास असेल तर दर काही तासांनी थांबून मान खाली घालू देणं. आणि उतरल्यावर रोज दोनदा ताप मोजणं. घोड्याचं नेहमीचं तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश. त्याच्या वर काटा सरकला की तालीम बंद, डॉक्टरला बोलावणं.

काकांनी इथे मला थांबवलं. टेम्पोत घोडीचं तोंड त्यांनी वरच्या सळईला आवळून बांधलं होतं, हिसडे देऊ नयेत म्हणून. ते काही बोलले नाहीत, पण चहाचा कप खाली ठेवला.

पाण्याचं मात्र काका बरोबर होते, काकू नाही. घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो, उन्हात पळाला तर दुप्पट. पण नाकाने पाणी पारखतो. क्लोरीनचा वास, खारटपणा, वेगळी बादली, काहीही पुरतं. लांबच्या विमानप्रवासात घोडे पंधरा-वीस किलो वजन घालवतात ते मोठ्या प्रमाणात पाण्याचंच असतं. नीट प्यायला लागले की काही दिवसांत भरून येतं. न प्यायलेल्या घोड्याच्या पोटात गवत घट्ट होतं आणि आतडं तुंबतं. म्हणून तबेलेवाले एक युक्ती करतात: निघायच्या आधी काही दिवस घरच्याच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस किंवा काकवी घालायची. घोड्याला ती चव घरची वाटू लागते. मग परक्या गावच्या पाण्यात तीच चव घातली की बिचारा फसतो. गवतही ओलं देतात, म्हणजे खाता खाता पाणी पोटात जातं.

आता काकवीवरून आठवलं. परदेशी धावणाऱ्या घोड्यांच्या चंदीला रोगाइतकीच भीती आहे ती प्रयोगशाळेची. शर्यतीनंतर घोड्याची लघवी आणि रक्त तपासतात, आणि त्यात बंदी असलेलं काही सापडलं तर बक्षीस जातं. कोणी मुद्दाम दिलं की चुकून पोटात गेलं, हा प्रश्न नंतरचा. चुकून जाण्याच्या वाटा पाहिल्या तर थक्क व्हायला होतं. गवतात धोत्रा वाळून आला तर त्यातलं ॲट्रोपिन. खसखशीची टरफलं आली तर मॉर्फिन. कोकोच्या सालींतून थिओब्रोमिन, चहा-कॉफीतून कॅफीन. सईसाने आपल्या हातातलं चॉकलेट प्रेमाने चारलं तरी पंचाईत.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ शर्यतीच्या ऐन तोंडावर आयर्लंडचे घोडे-प्रशिक्षक एडन ओब्रायन यांना आपले चारही घोडे मागे घ्यावे लागले. त्यांच्या तबेल्यात येणाऱ्या तयार खाद्यात झिल्पाटेरॉल सापडलं होतं. काही देशांत हे औषध गुरांचं मांस वाढवायला देतात, युरोपात त्यावर बंदी. आलं कुठून? माग लागला उसाच्या मळीपर्यंत. खाद्य गोड आणि चिकट व्हावं म्हणून घातलेली मळी! ज्या महाराष्ट्रात इतके साखर कारखाने आणि मळीच्या टाक्या, तिथे बसून ही बातमी वाचताना मला हसावं की रडावं कळेना. तेव्हापासून तरी मला वाटतं, घरची चंदी बरोबर नेण्यामागे पोटाची काळजी जितकी, तितकीच ही धास्ती असते.

खाण्यातून घात झाल्याचा संशय ज्याच्यावर अजून घोटाळतो तो घोडा म्हणजे फार लॅप. ऑस्ट्रेलियाचा लाडका. १९३२ मध्ये तो बोटीने पॅसिफिक ओलांडून गेला, डेकवर त्याच्यासाठी आतून गाद्या लावलेला कप्पा होता. २० मार्चला मेक्सिकोत मोठी शर्यत जिंकला आणि ५ एप्रिलला कॅलिफोर्नियात तडफडून मेला. पुढे २००० नंतर शास्त्रज्ञांनी त्याच्या केसांची तपासणी केली तेव्हा मरणापूर्वीच्या थोड्याच काळात भरपूर आर्सेनिक पोटात गेल्याचं दिसलं. कोणी घातलं, की त्या काळी शक्तिवर्धक म्हणून आर्सेनिकचं औषध घोड्यांना देत त्याचा हा मात्रा चुकलेला डोस, यावर तिथे आजही भांडणं होतात.

समुद्रातून घोडे येण्या-जाण्याची आपल्याला तशी नवलाई नको. आमच्या शेजारच्या चौल बंदरात अरबस्तानातून, इराणातून घोडे उतरायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन निघाला आणि सुमारे सहा आठवड्यांनी चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. घोडा विकून फायदा कमवायचा त्याचा बेत, पण जुन्नरच्या सुभेदाराने घोडाच काढून घेतला. पुष्कळ यातायात करून तो परत मिळाला. त्याच्या वहीत घोड्यांच्या खाण्याची नोंद आहे: इथे घोड्यांना हरभरे घालतात, आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून चारतात! अरबी वाळवंटात सातू आणि खजुरावर वाढलेल्या घोड्याला उतरल्या उतरल्या खिचडी. पोटातल्या त्या जिवांचं काय झालं असेल, याची कल्पनाच करावी. मार्को पोलोनेही दक्षिणेत घोड्यांना भात आणि मांस शिजवून घालतात आणि ते टिकत नाहीत, असं लिहून ठेवलंय. शतकानुशतकं लाखोंचं धन घोड्यांवर गेलं आणि पुन्हा पुन्हा नवे आणावे लागले. हवा, रोग, नालबंदांची वानवा ही कारणं होतीच, पण खिचडीचाही हात त्यात असावा असं मला वाटतं.

तबेल्याबद्दल थोडक्यात. परदेशी पाहुण्या घोड्याला साधारण बारा फूट बाय बारा फुटांचा कप्पा देतात, खाली लाकडाचा भुसा किंवा कागदाचे तुकडे. पेंढा टाळतात, कारण अनोळखी पेंढा घोडा खातो आणि सगळा हिशोब बिघडतो. ओल्या अंथरुणातून लघवीचा झोंबरा वास आला तरी फुप्फुसं चिडतात, म्हणून हवा खेळती हवी. शेजारी ओळखीचा घोडा असला तर अर्धं काम सोपं. काहीजण केवळ सोबतीला म्हणून दुसरं जनावर नेतात. आणि जाळ्या. आफ्रिकेतला घोड्यांचा एक भयंकर रोग संध्याकाळी घोंगावणाऱ्या चिलटांतून पसरतो. त्यामुळे जिथे त्याची भीती तिथे घोडा अंधार पडण्याआधी बारीक जाळीच्या खोलीत जातो आणि उजाडल्यावरच बाहेर येतो. भाताच्या खाचरांच्या काठी गोठा असलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही.

याच रोगांच्या नावावर भारतीय घोडे वर्षानुवर्षं अडकून पडले. आपल्याकडे महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं, पावसाळ्यात शर्यती पुण्यात, हिवाळ्यात मुंबईत. घोडे घाट चढून-उतरून सराईत झालेत. पण सीमेपलीकडे जायचं म्हटलं की ग्लँडर्स, सर्रा, अशी रोगांची यादी समोर येते. २०२५ च्या जुलैमध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या घोड्यांच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त कप्पा म्हणून मान्यता दिली. भिंतीआड, ठरल्या चंदीवर, ठरल्या माणसांच्या हाताखाली राहिलेले घोडे तिथून बाहेर जाऊ शकतील अशी ही सोय. आता तिथले घोडे परदेशात पळतात का, ते बघायचं.

काका हे सगळं शांतपणे ऐकत होते. पुढच्या शर्यतीला घरच्या विहिरीचे चार कॅन टेम्पोत टाकायचे, तोंड सैल बांधायचं, तोबरा आदल्या रात्रीपासून बंद आणि गवत चालू, इतकं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसलं. वाळूवर चंदी ओतायची सवयही सोडायची. दाण्याबरोबर वाळू पोटात जाते आणि आतड्यात बसते, हे त्यांना आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, फक्त ऐकलं नव्हतं.

मग त्यांना खरी शंका आली. "पण विमानात मुतायचं कसं? आमची तर कडक फळीवर मुतायचंच नाव घेत नाही. शिंतोडे उडतात ना पायावर."

मी म्हटलं, म्हणूनच खोक्यात भुसा जाड अंथरतात. आणि शर्यतीनंतर लघवी तपासायला हवी असते तेव्हा सईस घोड्याशेजारी उभा राहून शीळ घालत बसतो, लहानपणापासून तशी सवय लावलेली असते.

काका उठले, घोडीजवळ गेले, आणि तोंडाचा चंबू करून हळूच शीळ घातली. घोडीने कान टवकारले, एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि परत गवतात तोंड घातलं.

"उद्यापासून," काका म्हणाले, "रोज सकाळी."